चंद्रावरचे वस्त्र आणि पृथ्वीवरील दिरंगाई

माणसाला पुन्हा चंद्रावर पाठविण्याच्या योजनांची चर्चा निघते तेव्हा ती बहुधा अग्निबाणांच्या उंचीची, इंजिनांच्या ताकदीची आणि राष्ट्राराष्ट्रांतील चढाओढीची असते. यानाचे दार उघडून चांद्रभूमीवर पाऊल टाकणारा माणूस अंगात काय घालणार, हा प्रश्न त्या मानाने किरकोळ वाटतो. पण तो तसा नाही. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेने २०२४ पर्यंत चंद्रावर माणूस उतरविण्याचा संकल्प सोडला. त्यानंतर अवघ्या दोन-अडीच वर्षांत, ऑगस्ट २०२१ मध्ये, ‘नासा’च्याच महानिरीक्षकांनी ही मुदत पाळली जाणे शक्य नाही असा अहवाल दिला. २००७ पासून चौदा वर्षे आणि सुमारे ४२ कोटी डॉलर खर्ची पडूनही उड्डाणास योग्य असा एकही नवा पोशाख तयार नव्हता, आणि पहिले दोन पोशाख एप्रिल २०२५ पूर्वी हाती येण्याची आशा नव्हती. २०२४ साल आले आणि गेले. चंद्रावर कोणी उतरले नाही. विलंबाचा सगळा दोष पोशाखाच्या माथी मारता येणार नाही, कारण माणसांना चंद्रावर उतरविणारे यानही सिद्ध नव्हते. तथापि ज्या राष्ट्राने १९६९ ते १९७२ या काळात बारा माणसे चंद्रावर चालवून सुखरूप परत आणली, त्याच राष्ट्राला अर्धशतकानंतर अंगावरच्या कपड्यासाठी अडून बसावे लागावे, ही घटना विचार करावयास लावणारी आहे. ज्या देशांनी चंद्राचे स्वप्न अलीकडे पाहावयास सुरुवात केली आहे, त्यांनी तर ती अधिकच लक्षपूर्वक अभ्यासली पाहिजे. भारत हा त्यांपैकीच एक देश होय.

निर्वातातील पंधरा सेकंद

चांद्रपोशाखाला पोशाख म्हणणे ही एक भाषिक सोय आहे. वस्तुतः ते माणसाच्या आकाराचे एक लहानसे यानच असते. त्याचे पहिले काम ऊब देणे हे नसून दाब देणे हे आहे. उंच डोंगरावर भात लवकर शिजत नाही, कारण तेथे हवेचा दाब कमी असल्याने पाणी कमी उष्णतेवरच उकळते. हाच नियम पुढे नेला की सुमारे १९ किलोमीटर उंचीवर पाणी ३७ अंशांवर, म्हणजे माणसाच्या शरीराच्या तपमानावरच उकळू लागते. चंद्रावर तर हवेचा दाब जवळजवळ शून्य आहे. रक्तवाहिन्यांच्या भिंती रक्ताला काही काळ सांभाळतात. पण फुप्फुसांतला प्राणवायू झपाट्याने निघून जातो आणि पंधरा सेकंदांच्या आत माणसाची शुद्ध हरपते.

हा केवळ तर्क नव्हे. डिसेंबर १९६६ मध्ये ह्यूस्टन येथील निर्वात कक्षात जिम लब्लांक हा तंत्रज्ञ पोशाखाची चाचणी घेत असताना दाब पुरविणारी नळी निसटली. काही सेकंदांतच तो कोसळला. जिभेवरची लाळ बुडबुडे फुटून उकळू लागल्याची जाणीव ही त्याची शेवटची आठवण होती. कक्षात तातडीने हवा सोडण्यात आली म्हणून तो वाचला. जून १९७१ मध्ये ‘सोयूझ-११’मधील डोब्रोव्होल्स्की, व्होल्कोव्ह आणि पात्सायेव्ह या तीन रशियन अंतराळवीरांच्या बाबतीत असे नशीब आड आले नाही. परतीच्या वाटेवर एक झडप अवेळी उघडली आणि कक्षातली हवा निघून गेली. पोशाख घालून तिघांना बसता येईल इतकी जागा यानात नव्हती, म्हणून तिघेही साध्या कपड्यांत होते. यान जमिनीवर व्यवस्थित उतरले. आतले तिघेही मृत होते. त्यानंतर ‘सोयूझ’मधून जाणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर ‘सोकोल’ हा दाबपोशाख आला. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा अवकाशात गेले, ते हाच पोशाख घालून.

फुग्यात कोंडलेला माणूस

दाब दिला की दुसरी अडचण सुरू होते. निर्वातात हवा भरलेला पोशाख फुग्यासारखा ताठ होतो. १८ मार्च १९६५ रोजी अलेक्सी लिओनोव्ह यानाबाहेर पडणारा पहिला मानव ठरला. अवघ्या बारा मिनिटांच्या त्या सफरीत त्याचा पोशाख इतका फुगला की परत आत शिरणे अशक्य झाले. अखेर पोशाखातील थोडी हवा बाहेर सोडण्याचा जीवघेणा धोका पत्करून त्याने आपली सुटका करून घेतली.

यातून निघालेली तडजोड साधी पण कल्पक आहे. समुद्रसपाटीवर हवेचा दाब दर चौरस इंचास १४.७ पौंड असतो. ‘अपोलो’च्या पोशाखात तो ३.७ पौंड, म्हणजे सुमारे एकचतुर्थांश ठेवला होता. मात्र आत साधी हवा नसून शुद्ध प्राणवायू होता. हवेत प्राणवायूचे प्रमाण एकपंचमांश एवढेच असल्याने, इतक्या कमी दाबातही फुप्फुसांना नेहमीइतका प्राणवायू मिळतो आणि पोशाख मात्र त्या मानाने मऊ राहतो. कोपर, गुडघा आणि खांदा येथे रबराचे भात्यासारखे घड्यांचे सांधे बसविले होते. सांधा वाकला तरी आतील जागेचे आकारमान फारसे बदलू नये, ही त्यामागील युक्ती होय. कारण आकारमान घटले की आतली हवा दाबावी लागते आणि प्रत्येक हालचाल व्यायाम होऊन बसते. इतके करूनही हातमोज्यांचा प्रश्न पुरता सुटला नाही, आणि तो अद्यापही सुटलेला नाही. दिवसभर रबरी चेंडू मुठीत आवळून धरावा तसे हे काम आहे. त्यात बोटे सोलवटतात आणि नखेही दुखावतात.

थर्मास आणि माठ

अवकाश थंडगार असते, या समजुतीमुळे पोशाखाची खरी चिंता गारठ्याची असेल असे वाटते. प्रत्यक्षात काम करणाऱ्या माणसाला प्रथम भेडसावते ती त्याची स्वतःचीच उष्णता. थर्मासच्या बाटलीत चहा गरम राहतो, कारण दोन भिंतींमधल्या निर्वातातून उष्णता सहजी बाहेर पडत नाही. चंद्रावरचा माणूस अशाच थर्मासमध्ये बंद असतो. जून १९६६ मध्ये ‘जेमिनी-९’ मोहिमेत युजीन सर्नन दोन तासांहून अधिक काळ यानाबाहेर होता. पोशाखात खेळविलेला वायू त्याचे अंग निववू शकला नाही. तो घामाने निथळला, शिरस्त्राणाच्या काचेवर वाफ धरली आणि जवळजवळ अंधपणे चाचपडत त्याला परतावे लागले.

‘अपोलो’साठी वायूऐवजी पाणी योजण्यात आले. अंगालगतच्या जाळीदार वस्त्रात बारीक नळ्यांचे जाळे विणलेले असे आणि त्यातून थंड पाणी सतत फिरत असे. शरीराची उष्णता घेऊन आलेले पाणी पाठीवरच्या पेटीत पुन्हा थंड करण्याची रीत पाहिली की माठाची आठवण होते. माठातले पाणी मातीच्या छिद्रांतून झिरपते, त्याची वाफ होते आणि ती उष्णता घेऊन जाते. पाठपेटीत पाण्याचा वेगळा साठा धातूच्या सच्छिद्र पट्टीतून निर्वाताकडे झिरपे. तेथे त्याचे तत्काळ बर्फ होई आणि त्या बर्फाची थेट वाफ होऊन उष्णता निघून जाई. त्याच पेटीत प्राणवायूचा साठा होता, उच्छ्वासातील कर्बद्विप्राणील वायू शोषून घेणारी लिथियम हायड्रॉक्साइडची डबी होती, विद्युत्घट होता, संदेशयंत्र होते; आणि सारेच बिघडले तर सुमारे अर्धा तास पुरेल असा राखीव प्राणवायू वरच्या बाजूस वेगळा बसविलेला होता.

बाहेरच्या अंगाला ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या पातळ पटलांचे अनेक थर येत. ऊन परतविणे, आतली ऊब राखणे आणि सूक्ष्म उल्काकणांचा मारा झेलणे ही त्यांची कामे. सर्वांत वर काचतंतूंचे न पेटणारे कापड असे. २७ जानेवारी १९६७ रोजी ‘अपोलो-१’च्या चाचणीत लागलेल्या आगीत तीन अंतराळवीर होरपळून गेले, हे कापड आले ते त्या दुर्घटनेनंतर. डोळ्यांवरील काचेला सोन्याचा मुलामा होता, कारण हवेच्या पडद्यावाचून येणारे ऊन दृष्टी जाळू शकते. पाठपेटीसह पोशाखाचे पृथ्वीवरचे वजन सुमारे ८२ किलो भरे. चंद्रावर ते एकषष्ठांश होई. पोशाखाच्या प्रत्येक थरामागे अशी एखादी फसलेली चाचणी किंवा एखादा मृत्यू आहे.

शिवणयंत्रावरचे विज्ञान

हा पोशाख कोणी तयार केला, ही कथा तितकीच उद्बोधक आहे. १९६५ च्या स्पर्धेत निवड झाली ती ‘इंटरनॅशनल लेटेक्स कॉर्पोरेशन’ या कंपनीची. स्त्रियांची अंतर्वस्त्रे आणि बाळांचे लंगोट यांसाठी ही कंपनी घरोघर माहीत होती. ताणले जाणारे, अंगाबरोबर वळणारे आणि तरीही न फाटणारे वस्त्र कसे बनवावे, याचे ज्ञान विमान-कारखान्यांपेक्षा तिच्यापाशी अधिक होते. डेलावेअर राज्यातील डोव्हर येथे शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांनी एकवीस थरांचे हे वस्त्र साध्या शिवणयंत्रांवर शिवले. टाका इंचाच्या चौसष्टाव्या भागाहून अधिक हुकला तर चालत नसे. एखादी टाचणी आत राहून गेली तर रबराला छिद्र पडून माणसाचा प्राण जाईल, म्हणून तयार पोशाखांची क्ष-किरणांनी तपासणी होई.

असले कौशल्य नकाशांत आणि नोंदवह्यांत पुरते उतरत नाही. ते बोटांत असते. डिसेंबर १९७२ मध्ये ‘अपोलो-१७’ परतले, कार्यक्रम संपला, कारागीर पांगले. आणि त्यांच्याबरोबर ते ज्ञानही पांगले. त्यानंतर अमेरिकेने अवकाशविमानासाठी वेगळा पोशाख तयार केला आणि एप्रिल १९८३ मध्ये तो प्रथम यानाबाहेर वापरला. तो भारहीन अवस्थेत हातांनी काम करण्यासाठी होता. पाय तेथे जवळजवळ निरुपयोगी असतात. त्यामुळे तो चंद्रावर चालण्याच्या कामाचा नव्हता. चालण्याची विद्या अशा रीतीने एका पिढीत मागे पडली.

धुळीचा धडा

मग जुनेच पोशाख पुन्हा का शिवू नयेत, असा प्रश्न एखादा विद्यार्थी विचारील, आणि तो रास्त आहे. आर्मस्ट्राँगचा पोशाख आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. त्याचे रबर कालमानाने जीर्ण झाले, आणि बरीच डागडुजी करून २०१९ मध्ये तो पुन्हा लोकांना दाखविण्यात आला. पण जुने वस्त्र जसेच्या तसे नव्याने शिवले तरी ते पुरे पडणार नाही. ते एकेका व्यक्तीच्या मापाने आणि चंद्रावरच्या दोन-तीन दिवसांच्या मुक्कामासाठी बनविलेले होते. ‘अपोलो-११’च्या वीरांनी चंद्रावर बाहेर घालविले ते सुमारे अडीच तास, ‘अपोलो-१७’च्या वीरांनी तीन फेऱ्यांत मिळून बावीस तास. तेवढ्यातच चंद्राच्या धुळीने त्या वस्त्राला जेरीस आणले.

ही धूळ रस्त्यावरच्या धुळीसारखी नाही. तिच्यावर पाऊस पडलेला नाही की वारा वाहिलेला नाही; त्यामुळे तिचे कण झिजून गुळगुळीत झालेले नाहीत. फुटलेल्या काचेसारखे धारदार आणि विद्युत्भाराने चिकट असे ते कण कापडात रुततात, सांध्यांत शिरतात आणि बंद करण्याच्या कड्यांना अडवतात. ‘अपोलो-१२’मध्ये पीट कॉनरॅडचा पहिल्या फेरीपूर्वी घट्ट असलेला पोशाख दुसऱ्या फेरीनंतर सुरक्षित मर्यादेच्या पाच-षष्ठांश इतका गळू लागला होता. तिसरी फेरी असती तर काय झाले असते, हे सांगावयास नको. ‘अपोलो-१७’चा भूवैज्ञानिक हॅरिसन श्मिट याला यानात परतल्यावर या धुळीने शिंका आणि नाक चोंदण्याचा त्रास झाला. नव्या मोहिमांत माणसाने आठवडाभर आणि पुढे महिनोन्‌महिने राहावे अशी अपेक्षा आहे. तेथे ही धूळच पोशाखाचे आयुष्य ठरविणार.

शिवाय नव्या मोहिमांचे लक्ष्य चंद्राचा दक्षिण ध्रुव हे आहे. तेथील काही विवरांत सूर्यप्रकाश कधीच पोहोचत नाही आणि तपमान उणे २०० अंशांच्याही खाली असते. याच्या उलट उन्हातली जमीन किती तापते आणि ती ऊब किती उथळ असते, हे भारताच्या ‘चंद्रयान-३’ने ऑगस्ट २०२३ मध्ये दाखवून दिले. सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर मोजणी करताना पृष्ठभागाशी ५० अंशांच्या आसपास असलेले तपमान अवघ्या आठ सेंटिमीटर खोलीवर उणे दहाच्या जवळ आलेले आढळले. वीतभर अंतरात वैशाख आणि हिमालय एकत्र नांदतात अशा भूमीवर बुटाचा तळवा कशाचा असावा, हा प्रश्न सामान्य नव्हे. ‘ॲक्सिअम’ या अमेरिकन कंपनीच्या नव्या पोशाखाकडून किमान आठ तासांची फेरी आणि अतिशीत छायेत किमान दोन तास तग धरण्याची अपेक्षा आहे. तो स्त्री-पुरुष दोघांच्या निरनिराळ्या मापांना जुळेल असेही कंपनी म्हणते. हा शेवटचा मुद्दा शोभेचा नाही. मार्च २०१९ मध्ये अवकाशस्थानकाबाहेर दोन स्त्रियांनी एकत्र काम करण्याचा ठरलेला पहिला प्रसंग पुढे ढकलावा लागला, कारण योग्य मापाचे एकच धड तयार होते. तो योग ऑक्टोबर २०१९ मध्ये आला.

मक्तेदारीचा प्रश्न

अमेरिकेने या दिरंगाईवर शोधलेला तोडगा आर्थिक स्वरूपाचा आहे. पोशाख स्वतः बनवून मालकीचा ठेवण्याऐवजी तो खासगी कंपन्यांकडून सेवा म्हणून घ्यावयाचा, असे ठरले. जून २०२२ मध्ये ‘ॲक्सिअम’ आणि ‘कॉलिन्स’ या दोन कंपन्यांची निवड झाली. २०३४ पर्यंतच्या या करारांची कमाल रक्कम साडेतीन अब्ज डॉलर होती. दोघांत स्पर्धा राहील, एक अडखळली तर दुसरी असेल, हा हेतू योग्यच होता. पण जून २०२४ मध्ये अवकाशस्थानकासाठी पोशाख बनविण्याच्या कामातून ‘कॉलिन्स’ने माघार घेतली. स्पर्धा कागदावर राहिली आणि सारा भार एकाच कंपनीवर येऊन पडला. ज्या वस्तूचे गिऱ्हाईक जगात जवळजवळ एकच आहे, तिच्या बाबतीत बाजारपेठेच्या नियमांवर किती विसंबावे, हा प्रश्न यातून उरतोच. खासगी उद्योगाची तडफ नाकारण्याचे कारण नाही. ‘अपोलो’चे वस्त्रही खासगी कंपनीनेच शिवले होते. फरक इतकाच की त्या वेळी शासन स्वतः टाका न्‌ टाका तपासत होते आणि ज्ञान कोणाचे, याविषयी शंका नव्हती.

जुन्यावर भागवीत राहण्याची किंमतही लहान नसते. १६ जुलै २०१३ रोजी अवकाशस्थानकाबाहेर काम करणाऱ्या लुका पार्मितानो या इटालियन अंतराळवीराच्या शिरस्त्राणात पाणी साचू लागले. अंग थंड ठेवणारे पाणी गाळणी तुंबल्याने हवेच्या मार्गात शिरले होते. डोळे, कान आणि नाक पाण्याने वेढलेले असताना दोरीच्या आधाराने चाचपडत तो कसाबसा परतला. अवकाशात बुडून मरण्याची वेळ त्याच्यावर आली होती. त्याहून चिंताजनक गोष्ट चौकशीत उघड झाली. आठवडाभर आधीच्या फेरीतही शिरस्त्राणात पाणी आढळले होते. पण पिण्याच्या पाण्याची पिशवी गळली असेल असे समजून त्याकडे काणाडोळा झाला. जून २०२४ मध्येही एका पोशाखाच्या जोडनळीतून पाणी गळाल्याने नियोजित फेरी सुरुवातीलाच रद्द करावी लागली. १९७० च्या दशकात आखलेल्या आणि पंधरा वर्षांच्या आयुष्यासाठी बनविलेल्या या पोशाखांपैकी मूळच्या अठरा पाठपेट्यांतून अकराच वापरात उरल्याचे २०१७ च्या अहवालात नमूद होते.

भारतापुढील हिशेब

चीनने सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या चांद्रपोशाखाचा नमुना जगापुढे ठेवला. २०३० पूर्वी चंद्रावर माणूस उतरविण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. यान, अग्निबाण आणि पोशाख ही तिन्ही कामे त्याने बरोबरीने चालविली आहेत, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे.

भारताने ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन उद्दिष्टे जाहीर केली: २०३५ पर्यंत स्वतःचे अवकाशस्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय माणूस. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर पोहोचले आणि या उद्दिष्टांविषयीचा उत्साह साहजिकच वाढला. परंतु शर्मा काय किंवा शुक्ला काय, दोघांनी घातलेले पोशाख यानाच्या आत घालावयाचे होते. ‘गगनयान’साठी रशियाकडून घेतलेले पोशाखही त्याच जातीचे आहेत. कक्षातील हवा गेली तर काही काळ प्राण वाचविणे एवढेच त्यांचे काम. त्यांना पाठपेटी नसते, त्यांत उल्काकणांपासून संरक्षण नसते आणि चालण्याची सोय नसते. २०१८ मध्ये बंगळुरूच्या प्रदर्शनात ‘इस्रो’ने दाखविलेला नारिंगी पोशाखही याच प्रकारचा होता. त्यापासून चांद्रपोशाखापर्यंतचे अंतर होडीपासून पाणबुडीपर्यंत असावे तेवढे आहे.

हे अंतर कापण्यास लागणाऱ्या गोष्टी देशात मुळीच नाहीत असे नाही. मुंबई, अहमदाबाद आणि कोइमतूर येथे वस्त्रोद्योगाच्या संशोधनसंस्था कित्येक दशके काम करीत आहेत. लढाऊ वैमानिकांसाठी प्राणवायूची उपकरणे आणि विशेष पोशाख बनविण्याचा अनुभव संरक्षण संशोधनाच्या प्रयोगशाळांपाशी आहे. उणीव आहे ती हे सारे एका कामाला जुंपण्याची. आणि त्याहून मोठा धोका आहे तो हे काम ‘यान झाल्यावर पाहू’ म्हणून मागे सारले जाण्याचा. पैसा, अनुभव आणि जुने नकाशे हाताशी असूनही अमेरिकेची चौदा वर्षे अपुरी पडली. २०४० मधून तेवढी वर्षे वजा केली, म्हणजे भारताला आरंभ केव्हा करावयास हवा याचे उत्तर मिळते. ते उत्तर दूरच्या भविष्यातले नाही.

अग्निबाण विकत घेता येतो, यानात जागाही भाड्याने मिळते. पण चंद्रावर उतरलेल्या माणसाच्या आणि मृत्यूच्या मध्ये जे एकवीस थर असतात, ते दुसऱ्याच्या मर्जीवर सोपवून कोणतेही राष्ट्र स्वतःला स्वावलंबी म्हणवून घेऊ शकत नाही. डोव्हरच्या शिवणयंत्रांवर बसलेल्या स्त्रियांना हे ठाऊक होते की आपला एक टाका चुकला तर चंद्रावर एक माणूस मरेल. योजना आखणाऱ्यांनी ती जाणीव आजच बाळगली, तर २०४० मध्ये मुदत का टळली याचा अहवाल लिहिण्याची पाळी कोणा महानिरीक्षकावर येणार नाही.